योलो: अर्ध्या वाक्याचा इतिहास

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा ज्यांचे इयरफोन नेमके बसमध्येच राहिले, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच आहे.

गेल्या दिवाळीत गोंदियाला घरी आलो होतो. जयस्तंभ चौकात माझ्यापुढे एक बाईक थांबली. तिघं बसलेले, हेल्मेट एकाकडेही नाही. मागच्या मडगार्डवर एका बाजूला "आई-वडिलांचा आशीर्वाद" आणि दुसऱ्या बाजूला चमकणारी चार इंग्रजी अक्षरं. वाय, ओ, एल, ओ. योलो. यू ओन्ली लिव्ह वन्स. आपण एकदाच जगतो.

मला आधी हसू आलं. मग माझा एक गुरुवार आठवला आणि हसू थांबलं.

एक गुरुवार

२०२१ साल. कंपनी पुण्याची, पण वर्क फ्रॉम होम असल्याने मी गोंदियात, घराच्या माडीवर बसून कोड लिहीत होतो. तेव्हा निफ्टीच्या ऑप्शन्सची आठवड्याची एक्स्पायरी गुरुवारी असायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: त्या दिवशी दुपारी साडेतीनपर्यंत तुमचा अंदाज बरोबर आला तर पैसा पळतो, चुकला तर हातात शून्य. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने नफ्याचा स्क्रीनशॉट टाकला. खाली एकच शब्द लिहिला होता, योलो.

माझ्याकडे ८० हजार रुपये साठलेले होते. दोन तासांत गेले. मग ते परत मिळवायचे म्हणून एका ॲपवरून ५० हजारांचं झटपट कर्ज घेतलं. ना कागद, ना सही, चहा थंड व्हायच्या आत पैसे खात्यात. तीन आठवड्यांत तेही गेले.

माझे बाबा आयुष्यभर राईस मिलमध्ये हिशेब लिहायचे. त्यांना सांगायची वेळ आली तेव्हा मी ओरडा खायची तयारी करून गेलो होतो. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "व्याज किती टक्के आहे?"

मला सांगता आलं नाही. बीटेक झालेला पोरगा, मशीन लर्निंगच्या गप्पा मारणारा, आणि स्वतःच्या कर्जाचं व्याज त्याला माहीत नाही. तो क्षण अजून टोचतो.

कर्ज फेडायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मी एक उद्योग केला. हे वाक्य माझ्या डोक्यात आलं कुठून, ते शोधायला लागलो. आजचा एपिसोड म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. "आपण एकदाच जगतो" हे पूर्ण वाक्य नाहीये. त्याच्यापुढे कायम एक "म्हणून" असतो. एकदाच जगतो, म्हणून मजा कर. एकदाच जगतो, म्हणून सांभाळून राहा. एकदाच जगतो, म्हणून देवाचं नाव घे. पहिला अर्धा भाग हजारो वर्षं तोच आहे. दुसरा अर्धा कोण लिहितो, ते दर वेळी बदलत आलंय.

चार अक्षरं कुठून आली

योलो हा शब्द जगभर पसरला तो २०११ च्या शेवटी. ड्रेक या कॅनेडियन रॅपरचं 'द मोटो' नावाचं गाणं आलं, त्यात ही चार अक्षरं होती. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, ऑक्सफर्डच्या अमेरिकन 'वर्ड ऑफ द इयर'च्या यादीत योलोचं नाव होतं. जिंकला मात्र 'जीआयएफ' हा शब्द.

पण वाक्य त्याहून फार जुनं आहे. जर्मन लेखक गोएथेचं 'क्लाव्हिगो' नावाचं नाटक आहे, १७७४ सालचं. त्यात क्लाव्हिगो एका मुलीला दिलेलं लग्नाचं वचन मोडतो आणि मग त्याला ते खात राहतं. त्याचा मित्र कार्लोस त्याची समजूत घालतो: माणूस जगात एकदाच जगतो, ही ताकद, ही संधी पुन्हा नाही, लग्नात अडकून करिअर काय वाया घालवतोस? नाटकाच्या शेवटी ती मुलगी मरते आणि तोही मरतो. अडीचशे वर्षांपूर्वीसुद्धा योलो म्हणणारा एक मित्र होता, आणि किंमत मोजणारे दुसरेच होते. हे वाचताना मला आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला, खोटं कशाला बोलू.

१८५५ मध्ये योहान स्ट्राउस धाकट्याने एक वॉल्ट्झ रचला, त्याचं नावच "माणूस एकदाच जगतो" या अर्थाचं होतं. तिथे "म्हणून" च्या पुढे नाच आला. मग १९३७ मध्ये फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाने हॉलिवूडमध्ये 'यू ओन्ली लिव्ह वन्स' नावाचा सिनेमा काढला. नाव ऐकून वाटेल की पार्टीचा सिनेमा असेल. प्रत्यक्षात ती तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाची गोष्ट आहे. त्याला सरळ जगायचं असतं, पण जग त्याला दुसरी संधी देत नाही.

ड्रेकनंतरची गंमत तर अजून भारी आहे. जानेवारी २०१३ मध्ये 'द लोनली आयलंड' या अमेरिकन विनोदी ग्रुपने योलो नावाचंच गाणं केलं. त्यांनी या चार अक्षरांचा अर्थच फिरवला. एकदाच जगतो ना, मग घराबाहेर पडू नका, सगळ्यापासून सांभाळून राहा, असं ते गाणं होतं. लोक हसले. पण लॉजिक बघा, अजिबात चुकीचं नाही. एकच आयुष्य आहे म्हटल्यावर ते जपायला नको?

मग २०१५ मध्ये खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी एका मजेशीर व्हिडिओत योलो म्हटलं. कशासाठी माहितीये? लोकांनी आरोग्य विम्यासाठी नाव नोंदवावं म्हणून. विमा! म्हणजे जगातली सगळ्यात कमी बेधडक गोष्ट. दक्षिण कोरियात २०१७ च्या ग्राहक ट्रेंडच्या एका गाजलेल्या पुस्तकात योलो हा त्या वर्षाचा मुख्य शब्द म्हणून आला. तिथे "म्हणून" च्या पुढे खरेदी होती.

तुम्हाला पॅटर्न दिसायला लागला असेल. रॅपरसाठी पार्टी, विनोदी मंडळींसाठी हेल्मेट, राष्ट्राध्यक्षांसाठी विमा, दुकानदारासाठी बिल. शब्द तोच, पुढचं वाक्य ज्याचं त्याचं.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने योलोला आत घेतलं सप्टेंबर २०१६ मध्ये. त्याच महिन्याच्या ५ तारखेला भारतात जिओ सुरू झालं. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आपल्यासाठी तो महिना महत्त्वाचा आहे. कारण त्यानंतरच अर्जुनी मोरगाव, सालेकसा, देवरीतल्या पोरांच्या हातात असे शब्द त्याच दिवशी यायला लागले, ज्या दिवशी ते मुंबईत येतात.

आपल्याकडे तर आधीच होतं

आता कोणी म्हणेल, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे कुठे होतं योलो?

अहो, ड्रेकचं गाणं यायच्या काही महिने आधी, १५ जुलै २०११ ला 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' रिलीज झाला होता. नावाचं भाषांतर करा, योलोच निघतं. त्यात हृतिकचं पात्र ठरवून बसलेलं असतं की चाळिशीपर्यंत मरमर काम करायचं, मग निवांत जगायचं. कतरिनाचं पात्र त्याला विचारतं की तू चाळिशीपर्यंत जगशील हे तुला माहीत आहे का. आमच्या हॉस्टेलवर हा सीन कितीदा पाहिला गेला असेल, मोजदाद नाही.

आणि बोलीत तर कधीचं आहे. "चार दिवसांची जिंदगी." "हौसेला मोल नाही." "होऊ दे खर्च." "खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी."

हे तूप लक्षात ठेवा. कारण आपल्याकडचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात बदनाम योलो तुपाचंच आहे.

कर्ज काढून तूप

चार्वाकाचं नाव शाळेत ऐकलं असेल. बहुतेकांना त्याच्याबद्दल एकच गोष्ट माहीत असते: कर्ज काढा पण तूप प्या, मेल्यावर कोण परत येतंय. म्हणजे भारताचा पहिला ईएमआय इन्फ्लुएन्सर!

पण थांबा. चार्वाक किंवा लोकायत विचाराच्या लोकांचे मूळ ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांतून. कोर्टात एका बाजूचा वकीलच नसेल तर कसं होईल, तसं आहे हे.

त्या पुस्तकांपैकी सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे १४व्या शतकातला माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह'. त्याचं पहिलंच प्रकरण चार्वाकांवर आहे. आणि त्या एकाच प्रकरणात हा प्रसिद्ध श्लोक दोन वेगवेगळ्या रूपांत येतो. सुरुवातीला जो येतो त्याचा अर्थ असा: जगशील तोवर सुखाने जग, मृत्यूच्या हातून कोणी सुटत नाही. प्रकरणाच्या शेवटी येतो तेव्हा मधला तुकडा बदललेला असतो: जगशील तोवर सुखाने जग, कर्ज काढ पण तूप पी.

कोलकात्याचे अभ्यासक रामकृष्ण भट्टाचार्य यांनी या श्लोकाचे जुने उल्लेख गोळा केले. जुन्या ग्रंथांत बहुतेक ठिकाणी मृत्यूवालं रूप सापडतं. कर्ज आणि तूप नंतर आलं, चार्वाकांची टिंगल करण्यासाठी. मराठीत वाचायचं असेल तर डॉ. आ. ह. साळुंखे यांचं 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' हे पुस्तक आहे. चार्वाकांची प्रतिमा कशी बिघडवली गेली, याची त्यात सविस्तर मांडणी आहे.

म्हणजे काय झालं बघा. मूळ म्हणणं साधं होतं: मरण नक्की आहे, तोवर सुखाने जगा. त्यात उधारी नव्हती. पुढचा अर्धा भाग विरोधकाने लिहिला, आणि पुढे शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी तोच राहिला.

चौऱ्याऐंशी लाखांतला एक

आपल्या परंपरेत अजून एक अडचण आहे. इथे बहुतेक लोक एकदाच जगतो असं मानतच नाहीत! ८४ लाख योनी आहेत म्हणे. या जन्मी राहिलं ते पुढच्या जन्मी. मग योलो कसं चालणार?

तर चालतं, आणि तेही उलट दिशेने. रामदासांच्या दासबोधात पहिल्या दशकाचा दहावा समास नरदेहाच्या स्तुतीचा आहे. विचार असा की जन्म लाख मिळतील, पण माणसाचा जन्म दुर्मीळ आहे. तो मिळालाय, म्हणून वाया घालवू नका, परमार्थ साधा. वारकरी कीर्तनात बसलात तर हाच मुद्दा वेगवेगळ्या दृष्टांतांतून ऐकू येतो.

चार्वाक म्हणतो वेळ थोडा आहे, सुख घे. कीर्तनकार म्हणतो वेळ थोडा आहे, नाम घे. दोघांना घाई आहे, आणि दोघांच्या घाईचं कारण एकच आहे. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा खरंच गंमत वाटली.

"लग्नात उधळतात म्हणून"

आता जरा पश्चिमेकडे जाऊ, पुणे जिल्ह्यात. साल १८७५. तेव्हा आपला भाग सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमधल्या भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट १ मे १९९९ ला. पण ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते, म्हणून सांगतो.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. मग हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. मागची गोष्ट अशी: अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार मागेल त्याला उधार द्यायला लागले. युद्ध संपलं, भाव कोसळला, उधारी बंद झाली. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. व्याजावर व्याज चढत गेलं.

तेव्हा एक लोकप्रिय स्पष्टीकरण होतं. काय, तर हे कुणबी लग्नात आणि सणात उधळपट्टी करतात, म्हणून कर्जात बुडतात. आजच्या भाषेत सांगायचं तर, पोट्टे योलो करतात म्हणून गरीब राहतात.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आणि त्या सरकारी आयोगानेच लिहिलं की लग्न-सणांच्या खर्चाला कारण म्हणून नको तेवढं महत्त्व दिलं गेलंय. तो खर्च होतो, पण कर्जाचं मूळ तिथे क्वचितच सापडतं. १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात कोर्टाला नुसत्या कागदावर न थांबता कर्जाचा मागचा सगळा हिशेब तपासायचा अधिकार मिळाला. म्हणजे माझ्या बाबांचा प्रश्न, व्याज किती, तो प्रश्न कोर्टाने विचारायचा.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं. त्यातही त्यांनी हा लग्नखर्चाचा आरोप घेतला आणि शेतकऱ्याचं घर, जेवण, लग्न हे सगळं प्रत्यक्ष कसं असतं ते मांडून उत्तर दिलं.

आता तुम्ही म्हणाल, पण आपल्या विदर्भाचे गाडगेबाबा तर गावोगाव कीर्तनात सांगायचे की ऋण काढून सण करू नका. बरोबर. दंग्यांच्या पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. मग गाडगेबाबा आणि ते साहेब लोक एकच बोलत होते का?

मला तसं वाटत नाही. साहेब म्हणत होता की खर्च करतोस म्हणून कर्जात आहेस, आणि त्यातून सारा आणि व्याज हे विषय बाजूला पडत होते. गाडगेबाबा स्वतः खराटा घेऊन गाव झाडायचे, आणि मग सांगायचे की तो पैसा पोराच्या शाळेला लाव. ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी उरावं म्हणून ते बोलत होते. सल्ला वरवर सारखाच दिसतो. पण त्यातून शेवटी कोणाचा फायदा होतो, हे बघितलं की फरक कळतो.

आधी धान, मग मंडई

आता परत आपल्या झाडीपट्टीत येऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा झाडीचा, धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. भाऊबीजेपासून सुरुवात. दुकानं, पाळणे, मिठाई, गोवारी लोकांचा नाच, दंडार, खडीगंमत. लेकी-जावई घरी येतात. आणि रात्री नाटक. वडसा हे या नाटकांचं मोठं केंद्र. तिथून कंपन्या येतात, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा उजाडायला आलेलं असतं. थंडीत शाल गुंडाळून पोराबाळांसकट गाव बसतं. उद्या काम आहे, झोप होणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी बसतात.

हे योलो नाही तर काय आहे?

माझी आजी गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माझा गुरुवारचा पराक्रम तिच्यापर्यंत पोहोचलाच. तिला ऑप्शन्स म्हणजे काय ते कळलं नाही, पण उधारीचा पैसा गेला हे कळलं. ती म्हणाली, "धान घरी आला का मंग मंडई पाहाची, पोट्ट्या. मंडई पाहून कोणी धान पेरत नसते."

मी हसलो तेव्हा. नंतर विचार केला तर त्यात एक सिस्टिम दिसली. मंडईला तारीख असते. ती धान निघायच्या सुमाराला असते, पेरणीच्या तोंडावर नसते. खर्च होतो तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतो, आणि मजा गावातच राहते. वर्षभर चिखलात वाकलेल्या माणसाला उधळायची मुभा आहे, पण रात्र ठरलेली आहे. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर लूपला एक्झिट कंडिशन आहे. माझ्या गुरुवारला नव्हती. तो दर आठवड्याला यायचा.

मी असं म्हणत नाही की जुन्या काळी सगळे शहाणे होते. मंडईतही पत्ते चालतात, दारू चालते, उधारीही होते. पण मजेला हंगाम असावा, ही कल्पना मला आवडली.

आणि आपल्याच जिल्ह्यात याच अर्ध्या वाक्याचा तिसरा शेवटही आहे. नवेगावबांधचा तलाव पाहिला असेल सगळ्यांनी, सेल्फी तरी असेलच. तो १८व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर म्हणून देव मानलं, तलावाजवळच्या डोंगरावर त्यांचं ठाणं आहे. कोलू पाटीलही एकदाच जगले. त्यांच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही. पण तीनशे वर्षांनी त्या पाण्याकाठी आपण उभे आहोत.

आजचं उरलेलं वाक्य

मग आज आपल्या वाक्याचा दुसरा अर्धा कोण लिहितंय?

माझ्या बाबतीत उत्तर सोपं निघालं. अमेरिकेत 'वॉलस्ट्रीटबेट्स' नावाच्या फोरमवर लोक सगळा पैसा एकाच डावावर लावतात आणि त्या पोस्टला योलो असं लेबल लावतात. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप या कंपनीच्या शेअरवरून ते जगभर गाजलं. काही महिन्यांत ते लेबल माझ्या ग्रुपवर आलं. स्क्रीनशॉट नफ्याचे यायचे. तोट्याचा स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही, मीही टाकला नव्हता.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. तो आकडा वाचला तेव्हा वाटलं, माझ्यासोबत एवढी मोठी रांग उभी होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की मूर्ख आपण एकटेच.

झटपट कर्जाचंही तसंच. जाहिरातीत डोंगर दिसतो, समुद्र दिसतो, नवा फोन दिसतो. व्याजाचा दर बारीक अक्षरात असतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम आणले. त्यानुसार कर्ज देण्याआधी एका पानावर सगळा खर्च, वर्षाचा खरा दर धरून, स्पष्ट दाखवावा लागतो. आणि कर्ज घेतल्यावर ठरावीक काळात मन बदललं तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. हे प्लीज लक्षात ठेवा, आणि मित्रांना सांगा. ते पान वाचायला पाच मिनिटं लागतात.

बाईकचंही सांगतो. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे. जयस्तंभ चौकातल्या त्या तिघांना मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

पण मला हा एपिसोड "पोरांनो, सुधारा" वर संपवायचा नाही. कारण दुसरी बाजूही मी घरात बघितली आहे. माझ्या बाबांनी आयुष्यभर "नंतर बघू" म्हटलं. ताईचं लग्न होऊ दे, मग बघू. घराचा हप्ता संपू दे, मग बघू. वयाची साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.

माझं कर्ज फिटलं, त्यानंतर सहा महिने मी पैसे बाजूला टाकले आणि आई-बाबांना गणपतीपुळ्याला नेलं. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. मग मागे वळून आईला म्हणाले, "खरंच खारट आहे गं!" साठी उलटलेला माणूस, मिलच्या वह्यांवर आयुष्य काढलेला. संध्याकाळी खोलीवर आल्यावर हळूच म्हणाले, "आधी यायला पाहिजे होतं."

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा योलो खर्च. त्याचं व्याज शून्य टक्के होतं, आणि ते मला माहीत होतं.

आता मी एक साधी गोष्ट करतो. डोक्यात "एकदाच तर जगतो" आलं की फोनच्या नोट्समध्ये वाक्य पूर्ण लिहितो. एकदाच जगतो, म्हणून अमुक. मग बघतो की हा अमुक माझा आहे, की कोणत्या तरी नोटिफिकेशनने पाठवलाय. अर्ध्याहून जास्त वेळा तो नोटिफिकेशनचा निघतो. उरलेल्या वेळा मी बिनधास्त करतो.

तुम्हीही करून बघा. तुमचं वाक्य पूर्ण करून मला व्हॉइस नोट पाठवा, निवडक उत्तरं पुढच्या वेळी ऐकवेन, नाव न घेता. आणि त्या बाईकवाल्या तिघांपैकी कोणी हे वाचत असेल, तर भाऊ, स्टिकर राहू दे. फक्त हेल्मेट घाल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.